दुसऱ्या खोलीतली शिक्षिका

आजारी पडणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. नाटकावर पोट भरत नाही, ब्राझीलमधल्या आमच्या साल्वादोरमध्ये तर नाहीच, म्हणून गेली बरीच वर्षं मी मेडिकल कॉलेजात पेशंट बनते. परीक्षेच्या दिवशी खाटेवर बसायचं, हातात दिलेल्या कागदाप्रमाणे पोट धरायचं, खोकायचं, रडायचं. विद्यार्थी आत येतो, विचारतो, तपासतो, औषध सांगतो. काचेमागे परीक्षक बसलेले असतात. घंटा झाली की मी आजारातून उठते आणि तो माझ्याशी कसा वागला ते त्याला तोंडावर सांगते. आमचा नियम साधा आहे. घंटेआधी भूमिका सोडायची नाही, घंटेनंतर खोटं बोलायचं नाही.

माझ्याबरोबर एलोइझा काम करते. आम्ही एकाच नाटकमंडळीतल्या, एकाच वयाच्या. ती गोरी, तांबूस केसांची. मी काळी, माझ्या आजीहूनही काळी. एलोइझाला इंजिनिअर मिळायची, वकीलीण मिळायची, एकदा तर वैमानिकाची बायको मिळाली. मला काय मिळायचं? दारू प्यालेली मोलकरीण. सात पोरांची आई. क्रॅकची नशा करून आलेली बाई. एकदा एलोइझाच्या कागदावर चुकून गुप्तरोग आला, तर दुपारपर्यंत तो कागद बदलून माझ्याकडे पोचला. एलोइझा म्हणाली, "नालवा, एकदा तरी मला दारू पिऊ दे गं. नुसती पैसेवाली होऊन कंटाळले मी." आम्ही हसलो. पण घरी गेल्यावर मला हसू आलं नाही.

ते पहिल्यांदा बोलून दाखवलं जादसनने. हा काळ्यांच्या लिबेर्दादे वस्तीतला पोरगा, राखीव जागेवर आलेला. तो मेडिकलला लागला तेव्हा गल्लीने संध्याकाळभर फटाके उडवले होते म्हणे. एका दुपारी कॅन्टीनमध्ये राजमा-भाताचं ताट घेऊन तो माझ्यासमोर येऊन बसला.

"नालवाताई, एक विचारू? तुम्ही आजवर कधी नोकरी असलेली बाई झालात?"

"मोलकरीण झालेय की. ती काय नोकरी नाही?"

"तसं नाही. म्हणजे, शिकलेली."

"शिकलेल्यांना आजार होतात, बाळा, पण ते एलोइझाला होतात."

तो हसला नाही. त्याने आणि त्याच्यासारख्या इतर मुलांनी डीनला निवेदन दिलं की परीक्षेत काळी माणसं फक्त बेवडी आणि भिकारी दाखवता, मग शिकणाऱ्याच्या डोक्यात दुसरं काय भरणार. वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. कॉलेज घाबरलं आणि त्यांनी सभागृहात वंशभेदावर भाषण ठेवलं. पडद्यावर चित्रं, कॉफी, चीजचे गोळे, शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. पोरं मागच्या रांगांत झोपली होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

काही करायचं असेल तर ते परीक्षेतच करायला हवं, असं फक्त डॉक्टर इरासीला वाटलं. ती हृदयाची डॉक्टर, परीक्षकांमध्ये एकटीच काळी. लिफ्टमध्ये लोक तिला आपला मजला सांगतात. ती निमूट बटण दाबते आणि आपल्या मजल्यावर उतरते. बोलते कमी. तिने एकच कागद लिहिला आणि त्याच्या दोन प्रती काढल्या. सेलेस्ते, वय अठ्ठेचाळीस, प्राथमिक शाळेत शिक्षिका. सकाळपासून छातीखाली जळजळ, जबडा ठणकतोय, डावा हात जड, दरदरून घाम. पहिल्या खोलीत एलोइझा, दुसऱ्या खोलीत मी. शब्द तेच, कपडे तेच.

"हा हार्ट अटॅक आहे," इरासी आम्हाला म्हणाली. "ताबडतोब ईसीजी मागायचा, बाकी सगळं नंतर. ज्याने मागितला नाही तो नापास."

परीक्षाप्रमुख डॉक्टर ऑतावियोंनी हसत परवानगी दिली. दोघींना एकच भूमिका, आता तरी कोणाला बोलायला जागा राहिली नाही, असं त्यांना वाटलं.

परीक्षेच्या सकाळी रंगभूषेच्या मुलीने एलोइझाला पाच मिनिटांत आजारी केलं. मग माझ्याकडे वळून तीच पांढरी पावडर माझ्या गालांवर थापली. आरशात बघितलं तर मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होते.

"अगं, काळं माणूस फिकट पडलं की पांढरं होत नाही. राखाडी होतं," मी म्हटलं.

"डब्यात राखाडी नाहीये," ती बिचारी म्हणाली.

मी सगळं पुसून काढलं, माझी नाटकाची पेटी उघडली आणि ओठांपासून नखांपर्यंत स्वतःला राखाडी केलं. कपाळावर पाण्याचा फवारा मारला. इरासी दारातून डोकावली, माझ्याकडे बघून म्हणाली, "नालवा, तुला बघून मीच नाडी धरणार होते."

मग पोरं यायला लागली. कोण कुठल्या खोलीत जाणार ते चिठ्ठीवर ठरत होतं. माझ्याकडे आलेला पहिला दारातूनच म्हणाला, "काय होतंय मावशी?" भिंतीपलीकडे मी ऐकत होते, एलोइझाला सगळे 'मॅडम' म्हणत होते. मावशी म्हणण्यात वाईट काही नाही. पण मॅडमला हृदय असतं आणि मावशीला फक्त पोट असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

लिविया नावाची मुलगी आली. श्रीमंतीत वाढलेली, पण स्वभावाने गोड.

"काल रात्री काय खाल्लंत? अकाराजेची भजी? देंदे पामच्या तेलातलं तळण बाधतं हो मावशी."

"नाही. सूप घेतलं होतं."

"तुम्ही विकता का? तुमची गाडी कुठल्या कोपऱ्यावर लागते?"

"मी शाळेत असते."

"अरे वा. शाळेत स्वयंपाक करता?"

"शिकवते. तिसरीला."

"छान, छान," ती म्हणाली आणि मला जळजळीची गोळी लिहून दिली. घंटा झाल्यावर मी तिला म्हटलं, "पोरी, बाहेर दारावर माझा व्यवसाय लिहिला होता. तू वाचलास?" ती म्हणाली, वाचला. वाचून आत आली, मला बघितलं आणि वाचलेलं विसरली. ती रडायला लागली. मी तिला रुमाल दिला, पण शब्द मागे घेतला नाही.

एकाने मला दारूबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं. एकाने नवरा मारतो का ते विचारलं. सगळेच तसे नव्हते, ते सांगायला हवं. दूरच्या खेड्यातून आलेली एक हडकुळी मुलगी दार ढकलून आत आली, माझे ओठ बघितले आणि बसायच्या आधी म्हणाली, "ईसीजी. आत्ता." तिचा मुका घ्यावासा वाटला मला. पण अशी थोडी. एकेक जण नापास होऊन बाहेर जात होता आणि मला, खरं सांगते, आनंद होत होता. इतकी वर्षं मी बेवडी होऊन बसले होते. आज या बड्या घरच्या पोरांची परीक्षा मी घेत होते.

आणि मग जादसन आला.

त्याने हात धुतले, स्टूल ओढलं आणि माझ्या बरोबरीने बसला. तोवर सगळ्यांनी उभ्यानेच विचारलं होतं. चला, मी मनात म्हटलं, आता बघा म्हणावं परीक्षकांनी.

"नमस्कार आई. मी जादसन. तुमचं नाव?"

"सेलेस्ते."

"सेलेस्तेआई, काय होतंय?"

"इथे जळतंय रे बाळा, सकाळपासून. जबडा पण ठणकतोय."

"घाम बराच आलाय." त्याने माझा हात हातात घेतला. "काम काय करता?"

"शाळेत शिकवते."

"म्हणजे दिवसभर उभं. आणि घरी गेल्यावर सगळं तुमच्याच अंगावर."

"नवरा करतो स्वयंपाक," मी म्हटलं. कागदावर तसंच होतं.

तो हसला, फार मायेने हसला. "तुम्ही नाहीच सांगणार. माझी आईही सांगत नाही. आपल्या बायका फार सोसतात. सोसून सोसून शेवटी ते छातीवर येतं."

मी कागदावरचं पुढचं वाक्य जरा जोरात म्हटलं. "डावा हात जड झालाय, बाळा."

"फळ्यावर लिहून लिहून होतं ते." त्याने माझा दंड हलकेच दाबला. "घाबरू नका. हे मनावरचं ओझं आहे. जळजळीचं औषध देतो, शाळेतून दोन दिवस रजा घ्या. आणि घरी एकदा तरी म्हणा, मी थकलेय. म्हणाल ना?"

माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मला, नालवाला, असं कोणी कित्येक वर्षांत म्हटलं नव्हतं. ईसीजीचं मशीन खाटेच्या शेजारीच उभं होतं. माग, मी मनात ओरडत होते, अरे गाढवा, माग. घंटेआधी भूमिका सोडायची नाही हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडणार होते, तेवढ्यात घंटा झाली.

तो माझा हात धरूनच बसला होता. "कसं झालं, नालवाताई?" त्याला वाटत होतं की चांगलं झालं.

"जादसन," मी म्हटलं, "सेलेस्ते मेली."

त्याला कळलं नाही. मग त्याने मशीनकडे बघितलं. माझ्या ओठांकडे बघितलं. एकदम उठला, स्टूल मागे पडलं.

"जबडा," तो म्हणाला. "तुम्ही जबडा म्हणाला होता."

"हात पण म्हणाले होते."

"मी ऐकलं होतं."

"ऐकलंस ना. ऐकलंस आणि मायेने झाकून टाकलंस."

तो गेल्यावर ऑतावियो स्वतः माझ्या खोलीत आले, मागून इरासी. नापास होणाऱ्या मुलालाही पेशंट झालेल्या नटाच्या शब्दावर वर ओढता येतं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. विद्यार्थी गेल्यावर ते आम्हाला एकच प्रश्न विचारतात, या डॉक्टरकडे परत जाल का. जाईन, चांगला आहे, असं म्हटलं की पोरगा पास.

"हा मुलगा गुणी आहे," ऑतावियो म्हणाले. "निवेदनवाला पोरगाच नापास झाला तर बाहेर काय म्हणतील? बघा, नालवा. तुमच्या हातात आहे."

ऑतावियोंना जादसनचा पुळका नव्हता, हे मला कळत होतं. त्याला सोडलं की सगळ्यांनाच सोडता आलं असतं. आणि माझं मनही त्याच्याकडेच ओढत होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. लिवियाला मी रडवून पाठवलं होतं. तिची चूक आणि याची चूक वेगळी आहे, असं मी स्वतःला समजावू बघत होते. ती तुच्छतेने चुकली, हा प्रेमाने चुकला. पण खाटेवर मीच होते. दोन्ही वेळा मला तीच गोळी मिळाली होती.

"या डॉक्टरकडे परत जाल का?" इरासीने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण तिने माझ्याकडे बघणं टाळलं.

"जाईन," मी म्हटलं. "उद्या दुखलं तर याच्याकडेच जाईन, आणि याच्याच हातून मरेन. नापास करा त्याला."

त्या रात्री एलोइझाचा फोन आला. तिच्या खोलीतल्या बहुतेक सगळ्यांनी आल्या आल्या ईसीजी मागितला होता. "माझ्यापेक्षा तुझं काम चांगलं झालं होतं, नालवा," ती म्हणाली. "भिंतीपलीकडून ऐकलं ना मी तुला. तू खरंच मरायला टेकली होतीस. आणि मी नुसती हुं हुं करत बसले तरी माझ्यासाठी धावाधाव." तिला वाईट वाटत होतं आणि मला तिचं समाधान करायची ताकद नव्हती.

सोमवारी ऑतावियोंनी सगळ्या वर्गाला आणि आम्हाला सभागृहात बोलावलं. त्यांनी गोड शब्दांत सांगितलं की दोन खोल्यांचे निकाल जुळत नाहीत, त्या अर्थी दोन्हीकडचा अभिनय सारखा नव्हता. दुसऱ्या खोलीतलं काम जरा बटबटीत झालं असावं. म्हणून ही परीक्षा रद्द, सगळे पास.

वर्गाने सुस्कारा सोडला. माझं डोकं फिरलं. पस्तीस वर्षं रंगमंचावर काढलीत मी, आणि हा माणूस माझ्या मरणाला बटबटीत म्हणतोय. मी उठणार होते, पण इरासी आधी उठली.

"दोन्ही खोल्यांचं चित्रीकरण आहे," ती म्हणाली. "ते बघू आणि मग ठरवू."

"विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय दाखवता येत नाही," ऑतावियो म्हणाले. "कोणाची परवानगी आहे?"

कोणी मान वर केली नाही. कोण करणार? पास झालेलं माणूस आपलं नापास होणं उकरून कशाला काढेल? लिविया आपल्या हातांकडे बघत होती. ऑतावियोंनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

"माझं दाखवा," जादसन म्हणाला.

तो मधल्या रांगेत उभा होता. ऑतावियो म्हणाले, "विचार कर बाळ. रद्द झाली नाही तर तुझे सहा महिने जातील. वॉर्डातली इंटर्नशिप लांबणीवर पडेल."

"दाखवा, सर."

पडद्यावर तो आला. हात धुतले, स्टूल ओढलं, माझा हात धरला. 'आपल्या बायका फार सोसतात,' पडद्यावरचा जादसन म्हणाला, तेव्हा मागे कोणीतरी दबकत हसलं आणि लगेच थांबलं. मी पडद्यावर माझे राखाडी ओठ बघत होते. सभागृहात बसूनसुद्धा दिसत होतं की ही बाई जाणार आहे. अभिनयात काडीचीही कसर नव्हती, हे मी माझ्या तोंडाने सांगते.

दिवे लागले. जादसन बसला नव्हता.

"तिसऱ्या वर्षी वॉर्डात एका सरांनी आम्हाला सांगितलं होतं," तो म्हणाला, "की काळ्या बायका काटक असतात, कण्हत नाहीत, टाके घालताना भूल कमी दिली तरी चालते. मला राग आला होता. त्याच रागातून मी निवेदन लिहिलं. पण वाक्य डोक्यातून गेलं नाही, सर. त्याने फक्त कपडे बदलले. त्या सरांच्या तोंडी ते हेटाळणीचं होतं, माझ्या तोंडी कौतुकाचं झालं. पेशंट दोन्हीकडे मेला." त्याने माझ्याकडे हात केला. "नालवाताईंनी काम चोख केलं. मी नापास आहे. माझा निकाल रद्द करायचा नाही. बाकीच्यांचं बाकीच्यांनी ठरवावं."

त्यानंतर ऑतावियोंना काय करता येणार होतं? एक मुलगा पुराव्यासकट नापास आहे म्हणतोय म्हटल्यावर त्याच खोलीतल्या बाकीच्यांना पास कसं म्हणणार? त्यांनी थोडा वेळ कागद उलटसुलट केले, शेजारच्या दोघा प्राध्यापकांशी कुजबुजले आणि निकाल कायम असल्याचं जाहीर केलं. आमच्या खोलीत चुकलेले सगळे सहा महिन्यांनी पुन्हा बसणार. इरासीने तिथेच सांगितलं की मधल्या काळात शिकवणं ती स्वतः करेल, आणि त्या वॉर्डातल्या वाक्यापासूनच सुरुवात करेल. मला मोठ्याने टाळ्या वाजवायच्या होत्या. पण जादसनकडे बघितलं आणि हात उचलले नाहीत.

तो बाहेर व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "पुढच्या वेळी मीच असणार आहे. आणि आणखी जास्त घामाघूम होणार आहे."

"या, ताई," तो म्हणाला. "मी मशीन घेऊनच आत येतो." मग म्हणाला, "आईला सांगायचंय. थांबता का जरा?"

त्याने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि आमच्याकडे सगळे धरतात तसा तोंडासमोर आडवा धरला, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. मागे प्रेशर कुकरचा आवाज होता.

"आई, मी नापास झालो."

"असू दे रे राजा. जेवलास का?"

"सहा महिने लांबलं सगळं."

"लांबू दे. मी आहे ना अजून धडधाकट. काय घाबरतोस?"

जादसन फोनकडे बघत होता.

"आई," त्याने विचारलं, "ती तुझी जळजळ. अजून आहे?"

"चालायचंच. काढा घेते की मी."

"जबडा दुखतो का गं तेव्हा?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी गॅस बंद केला. मग त्या बाईचा आवाज आला, आधीपेक्षा हळू.

"तुला कोणी सांगितलं?"

"बसून रहा," जादसन म्हणाला. "काही उचलू नकोस, जिना उतरू नकोस. मी येतोय." माझ्याकडे वळून तो म्हणाला, "ताई, इरासी मॅडमना सांगा, मी तिला घेऊन येतोय," आणि तो पळत सुटला. मी चपला हातात घेतल्या आणि इरासीला शोधायला उलट्या दिशेने धावले.